युरिक अ‍ॅसिडचा आकडा आणि तळपायांची आग : या चुका टाळा

तळपायांची भगभग होते म्हणून मामा स्वतःच लॅबमध्ये जाऊन युरिक अ‍ॅसिड तपासून आले. ७.८ निघालं, म्हणजे वाढलेलं. झालं! घरात तूरडाळ बंद, टोमॅटो बंद, पालक बंद. आग मात्र चालूच. मधुमेह बारा वर्षांचा, पण पायांची तपासणी एकदाही झालेली नव्हती.

पहिली चूक इथेच होते. युरिक अ‍ॅसिडचं दुखणं सांध्याचं असतं. बहुतेकदा एकच सांधा धरतो, तोही पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी. एका रात्रीत सांधा लालबुंद होतो, सुजतो, चादरीचा स्पर्शही सोसवत नाही, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत सगळं उतरतं. मधुमेहाने नसा (मज्जातंतू) बिघडतात तेव्हा दोन्ही पाय धरले जातात, बोटांपासून वर, मोजे घातल्यासारखे. मुंग्या, आग, मग बधिरपणा. मामांची चप्पल अंगणातच निघून राहायची आणि ते एकाच पायात चप्पल घेऊन ओटीवर यायचे. आम्ही हसायचो. ते हसण्यासारखं नव्हतं.

‘युरिक अ‍ॅसिडनेच नसा खाल्ल्या’ हेही घाईचं बोलणं. टाइप २ मधुमेहात युरिक अ‍ॅसिड जास्त असणाऱ्यांत नसांचा त्रास जास्त दिसतो, असं बऱ्याच अभ्यासांत आढळलंय. पण सुटलेलं पोट, रक्तात वाढलेलं इन्सुलिन, थकलेली किडनी यांच्यामुळे युरिक अ‍ॅसिडही वाढतं आणि नसांनाही त्रास होतो. त्यात चोर कोण आणि साक्षीदार कोण, याचा निकाल लागलेला नाही. आकडा उतरवला की नसा सुधारतात, हेही सिद्ध झालेलं नाही. म्हणून शेजाऱ्यांची युरिक अ‍ॅसिड उतरवणारी गोळी अ‍ॅलोप्युरिनॉल उसनी घेऊ नका. काहींना तिची त्वचेवर जिवावर बेतणारी रिअ‍ॅक्शन येते, आणि डोस किडनी बघून ठरवावा लागतो.

आकडा कमी आला म्हणून निर्धास्त होणं ही उलट्या बाजूची चूक. साखर फार वाढली की लघवीतून साखरेबरोबर युरिक अ‍ॅसिडही वाहून जातं आणि रिपोर्ट छान दिसतो. साखर आटोक्यात आल्यावर तोच आकडा थोडा चढला तर घाबरू नका. बीपीच्या काही गोळ्यांनी, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या, तो चढतो. डापाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या गोळ्यांनी उतरतो. रिपोर्ट दाखवताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. मनाने कुठलीच बंद करू नका.

खाण्यात बळी जातो तो बिचाऱ्या डाळीचा. प्युरिन म्हणजे ज्यापासून शरीरात युरिक अ‍ॅसिड बनतं तो घटक; डाळी-भाज्यांमधल्या प्युरिनचा फारसा त्रास होत नाही. सांभाळायचं ते कलेजी, तारली, बिअर आणि गोड पेयं. मामा वरण सोडून रोज ग्लासभर मोसंबीचा रस घेत होते, म्हणजे साखरही वाढणार आणि युरिक अ‍ॅसिडही! (किडनीचा आजार असेल तर डाळीचं प्रमाण डॉक्टरांनाच विचारा.)

मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ तपासून घ्या. ते कमी झालं तरी अशाच मुंग्या येतात, आणि शाकाहारी घरांत ते आधीच काठावर असतं.

आता काशाची वाटी. तूप लावून तळव्यावर घासली की बरं वाटतं, मी नाही म्हणत नाही. पण तळवा काळा होतो तो धातूमुळे, ‘उष्णता बाहेर पडल्या’मुळे नव्हे. बधिर, भेगाळलेल्या पायावर घासून जखम झाली तर कळतही नाही. गरम पाण्यात पाय बुडवण्याचंही तेच. पाणी आधी दुसऱ्या कुणाला हात घालून पाहू द्या.

टाइप २ चं निदान झालं की लगेच, आणि मग दरवर्षी, नसांसाठी पायांची तपासणी व्हायला हवी. दुखत नसलं तरी. नायलॉनचा एक तंतू १० ग्रॅमच्या दाबाने तळव्याला टेकवतात, डोळे मिटून ‘लागलं’ म्हणायचं असतं. मामा डोळे मिटून बसले होते. थोड्या वेळाने म्हणाले, “लावा की आता, डॉक्टर.”

तोवर चार ठिकाणी लावून झालं होतं.