पहिल्या तासाआधीची सही

या महिन्यात दोन मुलींचे फोन आले. एक सांगलीची, एक ठाण्याची. दोघींची डॉक्टरेट संपत आली आहे आणि दोघी सप्टेंबरात कॅलिफोर्नियात पोस्टडॉक, म्हणजे डॉक्टरेटनंतरचं देखरेखीखालचं काम, सुरू करणार आहेत. दोघींचा प्रश्न एकच: "ताई, ईपीपीपीचा अभ्यास कधीपासून करू?" (ईपीपीपी म्हणजे मानसशास्त्रज्ञाच्या लायसन्सची मुख्य परीक्षा.) मी विचारलं, सुपरव्हिजन अ‍ॅग्रीमेंटचा, म्हणजे कामावर देखरेख करणाऱ्या सुपरवायझरबरोबरच्या लेखी कराराचा, कागद पाहिलास का? एकीने पाहिलाच नव्हता. दुसरी म्हणाली, "ते क्लिनिकवाले करतील ना." हेच वाक्य मीही म्हटलं होतं, आणि ते मला २८० तासांना पडलं. म्हणून ही यादी लिहायला बसले.

आधी एवढं पक्कं धरा की मानसशास्त्रज्ञाचं लायसन्स इथे अमेरिकेत राज्य देतं, देश देत नाही. १९४५ साली कनेक्टिकटने पहिला कायदा केला आणि मग एकेका राज्याने आपली चूल वेगळी मांडली. मी कॅलिफोर्नियाचं सांगते, कारण मी तिथून गेले आहे. टेक्सासला किंवा न्यू यॉर्कला जाणार असाल तर तिथल्या बोर्डाचे, म्हणजे लायसन्स देणाऱ्या मंडळाचे, नियम स्वतः बसून वाचा. मैत्रिणीच्या राज्यातला अनुभव तुमच्या राज्यात उपयोगाचा नाही.

पदवी. मानसशास्त्रातली डॉक्टरेट लागते, त्यावर जास्त बोलत नाही. फक्त भारतातून येणाऱ्यांसाठी: आपलं क्लिनिकल सायकॉलॉजीचं एम.फिल. कितीही घाम गाळून केलेलं असलं तरी इथे ते डॉक्टरेट धरत नाहीत, आणि भारतातल्या रिहॅबिलिटेशन कौन्सिलची नोंदणी इथे लायसन्स म्हणून चालत नाही. भारतातल्या पदवीवर अर्ज करणार असाल तर तिचं मूल्यांकन मान्यताप्राप्त संस्थेकडूनच करून घ्यावं लागतं. पुण्याहून शिकलेल्यांनी एक गोष्ट बघावी. २०१४ साली विद्यापीठाचं नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं. त्याआधीच्या पदवीवर जुनं नाव आणि आता मागवलेल्या ट्रान्स्क्रिप्टवर (गुणांच्या अधिकृत उताऱ्यावर) नवं, असं होतं. दोन्ही एकच विद्यापीठ आहे असं पत्र त्याच खेपेला मागवून घ्या, पुन्हा खेटे घालावे लागणार नाहीत.

तुमचं स्वतःचं नावही तपासा. लग्नाआधीच्या गुणपत्रिकेवर मधलं नाव वडिलांचं, पासपोर्टवर नवऱ्याचं, आडनाव बदललेलं, आणि अर्जात मधलं नाव गाळलेलं. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, पण परीक्षा केंद्राच्या दारात ओळखपत्र आणि नोंदणी यांवरचं नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत. पासपोर्टवर जे आहे तेच अक्षरन् अक्षर सगळीकडे लिहा. विवाह नोंदणीचा दाखला हाताशी ठेवा.

आता तास. कॅलिफोर्नियात देखरेखीखालचे ३००० तास लागतात, त्यातले किमान १५०० डॉक्टरेटनंतरचे. इंटर्नशिपचे, म्हणजे डॉक्टरेट संपण्याआधीचे, तास बहुतेकींचे नीट होतात, कारण तिथे विद्यापीठ आणि ट्रेनिंग डायरेक्टर मागे असतात. कुणीतरी फॉर्म पुढे करतं, कुणीतरी आठवण करतं. पोस्टडॉकला तसं मागे कुणी नसतं. लहान क्लिनिक असेल तर तुम्ही, तुमचे सुपरवायझर आणि पेशंट. आणि पहिल्या दिवशी सगळ्यांचं लक्ष पेशंटकडेच असतं.

माझं असं झालं. सोमवारी कामाला लागले. सुपरवायझरबाई अनुभवी, प्रेमळ. त्या म्हणाल्या, कागदपत्रं जरा स्थिरस्थावर झाल्यावर बघू. मीही मान डोलावली. आठवड्याला ४० तास काम, ठरल्याप्रमाणे सुपरव्हिजन, तासांचा लॉग लिहिलेला, सगळं व्यवस्थित. अ‍ॅग्रीमेंटवर सह्या झाल्या त्या आठव्या आठवड्यात. वर्षअखेर व्हेरिफिकेशनचा, म्हणजे तास झाल्याची खात्री देणारा, फॉर्म भरायला आम्ही दोघी बसलो तेव्हा बाईंनी दोन कागद शेजारी ठेवले. एकावर कामाची पहिली तारीख, दुसऱ्यावर सहीची. त्यांनी दोन्हींवर बोट ठेवलं, पेन टेबलावर ठेवलं आणि चष्मा काढला. नियम स्पष्ट आहे: अ‍ॅग्रीमेंट अनुभव सुरू होण्याआधी झालेलं असलं पाहिजे. मागची तारीख घालणं हे खोटं ठरलं असतं. बाईंनी तसं सुचवलं नाही आणि मीही मागितलं नाही. सात आठवडे गेले. त्या सात आठवड्यांत एक मुलगी पहिल्यांदा माझ्यासमोर बोलती झाली होती. ते काम झालं, खरं झालं, पण लायसन्सच्या हिशेबात ते धरलं गेलं नाही.

तेव्हा पहिल्या तासाआधी सही. पहिल्या आठवड्यात नाही, पहिल्या दिवशी संध्याकाळीही नाही. पहिला पेशंट आत येण्याआधी.

हा कागद साधा नाही, म्हणून तो पुढे ढकलला जातो. त्यात मुख्य सुपरवायझरचं नाव, लायसन्स क्रमांक आणि सही लागते, तुमची सही लागते. काम सुरू होण्याची तारीख, अंदाजे संपण्याची तारीख, कामाची जागा, तुम्ही नक्की काय काम करणार, शिकण्याची उद्दिष्टं काय, ती कशी गाठणार, सुपरवायझर तुमचं मूल्यमापन कधी आणि कसं करणार, हे सगळं लिहायचं असतं. आणि एक रकाना असा आहे की तिथे बहुतेकजणी अडतात: तुम्ही कायद्याच्या कुठल्या आधाराने काम करणार आहात? खाजगी क्लिनिकमध्ये असाल तर रजिस्टर्ड सायकॉलॉजिकल असोसिएट म्हणून बोर्डाकडे आधी नोंदणी करावी लागते. (२०२२ च्या आधी यालाच सायकॉलॉजिकल असिस्टंट म्हणत, जुनी माहितीपत्रकं वाचून गोंधळू नका.) सरकारी संस्थेत किंवा विद्यापीठात पगारी नोकरी असेल तर ही नोंदणी लागत नाही, पण अ‍ॅग्रीमेंट तिथेही लागतंच. लागतंच.

म्हणजे क्रम असा: नोंदणी लागत असेल तर आधी ती हातात, मग अ‍ॅग्रीमेंट, मग काम. नोंदणीच्या अर्जाला सोशल सिक्युरिटी क्रमांक नाहीतर टॅक्सचा क्रमांक लागतो. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर ओपीटीचं (शिक्षणानंतर काम करण्याच्या परवानगीचं) कार्ड, मग सोशल सिक्युरिटी, मग नोंदणी अशी साखळी होते आणि प्रत्येक कडीला काही आठवडे जातात. ओपीटीचा अर्ज शिक्षण संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो. त्या ९० दिवसांतला पहिला दिवस वापरा. हिशेब करा: १५०० तास, आठवड्याला ४०, म्हणजे जवळजवळ ३८ आठवडे. ओपीटी १२ महिन्यांची. वर उरतात १४ आठवडे, आणि ऐकायला ते खूप वाटतात. त्यातून सुट्ट्या काढा, एखादं आजारपण काढा, नोंदणीची वाट बघण्यात गेलेले दिवस काढा. माझे सात आठवडे काढा. माझ्याकडे शेवटी एका आठवड्याचीही फट राहिली नव्हती, आणि ते शेवटचे तीन महिने मी कसे काढले ते आईलाही पूर्ण सांगितलेलं नाही. जास्त तास करून भरून काढू, असं मनात आणू नका: आठवड्याला ४४ तासांपेक्षा जास्त धरले जात नाहीत, आणि त्या ४४ मध्ये सुपरव्हिजनचा वेळही आला.

सुपरवायझर निवडताना त्यांचं लायसन्स बोर्डाच्या साइटवर स्वतः शोधा. चालू आहे का, त्यावर काही कारवाई आहे का, दोन मिनिटांचं काम आहे. संकोच वाटतो हे मला कळतं, आपल्याकडे गुरूंची कागदपत्रं तपासायची रीत नाही. तरी तपासा. सुपरव्हिजन देणाऱ्यांना त्यासाठीचं प्रशिक्षण ठरावीक काळाने घ्यावं लागतं. ते झालंय का हे नम्रपणे विचारा. सुपरव्हिजन एकूण कामाच्या वेळेच्या किमान १० टक्के हवं आणि त्यात आठवड्याला किमान एक तास मुख्य सुपरवायझरबरोबर एकटीने, समोरासमोर. ४० तास काम असेल तर ४ तास सुपरव्हिजन. जिन्यात उभं राहून केलेली चर्चा यात धरू नका.

मध्येच सुपरवायझर बदलले तर? नवं अ‍ॅग्रीमेंट. कामाची जागा बदलली, नवी भर पडली? विचारा, आणि गरज असेल तर नवं अ‍ॅग्रीमेंट. प्रत्येक वेळी पुन्हा तेच: नव्या कामाच्या पहिल्या तासाआधी सही. "चालू आहे तेच पुढे चालवू" असं कुणी म्हणालं तर त्या दिवशी पेशंट घेऊ नका, फॉर्म भरा.

लॉग दर आठवड्याचा, लेखी. जागा, तारखा, कामाचे तास, सुपरव्हिजनचे तास, एकटीचे किती आणि गटाचे किती, सुपरवायझरचं नाव, सही, लायसन्स क्रमांक. मी शुक्रवारी संध्याकाळी साडेचारला लिहायचे आणि सही घेऊनच घरी निघायचे. तीन महिन्यांचा एकदम लिहायला बसलात तर आठवणार नाही, आणि न आठवता लिहिलेला लॉग म्हणजे अंदाज. लॉगचा आणि अ‍ॅग्रीमेंटचा फोटो काढून घरी ठेवा. अ‍ॅग्रीमेंट शेवटी व्हेरिफिकेशनसोबत बोर्डाकडे जातं, तोवर सांभाळायचं असतं. सुपरवायझर निवृत्त होतात, गाव सोडतात, आजारी पडतात. काम संपलं त्याच आठवड्यात व्हेरिफिकेशन मागा.

आवश्यक कोर्स. मानवी लैंगिकता १० तास, बालकांवरील अत्याचार ७, जोडीदाराकडून होणारा छळ १५, वार्धक्य आणि दीर्घकालीन काळजी १०, आत्महत्येच्या जोखमीचं मूल्यमापन ६, आणि व्यसनांवरचा कोर्स. यातले बरेचसे डॉक्टरेटमध्येच झालेले असतात, फक्त विद्यापीठाचं पत्र लागतं. पदवी घेऊन बाहेर पडण्याआधी ते पत्र घ्या. आत्महत्येच्या ६ तासांची अट २०२० पासूनची आहे, सीनियर मुलींना विचाराल तर त्यांना ती माहीत नसेल. आणि हा कोर्स निव्वळ अटीपुरता करू नका. पहिल्याच वर्षी तुमच्यासमोर असा माणूस बसणार आहे.

ईपीपीपी. एवढी भीती नको, पण हलकीही घेऊ नका. २२५ प्रश्न, त्यातले १७५ गुणांचे, बाकीचे चाचणीसाठी घातलेले, आणि कुठला कुठला ते सांगत नाहीत. वेळ सव्वाचार तास. ५०० स्केल्ड स्कोअर लागतो (हे बरोबर उत्तरांवरून वेगळ्या मापावर काढलेले गुण). आठ विभागांत मूल्यमापन-निदान आणि नीती-कायदा यांना सगळ्यात जास्त वजन, प्रत्येकी १६ टक्के; मेंदू आणि औषधांच्या भागाला १०, आणि आपल्यातल्या कित्येकजणी नेमका तिथेच दोन महिने घालवतात. संशोधनपद्धतीला फक्त ७. वेळ त्या हिशेबाने वाटा. फी ६०० डॉलर, केंद्राचं शुल्क वेगळं. १२ महिन्यांत चारदाच बसता येतं. २०२४ पासून डॉक्टरेटचा अभ्यासक्रम पूर्ण झाला की तास पूर्ण व्हायच्या आधीही परीक्षेला बसता येतं. ही सोय घ्या. अभ्यास चार-पाच महिने, रोज थोडा. तुम्ही हा भाग नीट करालच याची मला खात्री आहे, आपल्याला परीक्षा देता येतात. मला काळजी आहे ती त्या एका कागदाची, जो परीक्षेत विचारत नाहीत.

दुसरी परीक्षा कॅलिफोर्नियाच्या कायद्याची आणि नीतीची, सीपीएलईई. नुसती पाठ करू नका. १९६९ साली बर्कलीत तातियाना तारासॉफ या मुलीचा खून झाला. मारणारा भारतातून तिथे शिकायला आलेला विद्यार्थी होता आणि मनातला बेत त्याने आपल्या मानसशास्त्रज्ञाला आधी सांगितला होता. पोलिसांना कळवलं गेलं, पण तिला किंवा तिच्या घरच्यांना कुणी सांगितलं नाही. १९७६ च्या निकालाने कॅलिफोर्नियातल्या उपचारकावर धोक्यातल्या माणसाला वाचवण्याची जबाबदारी आली. हे माहीत असलं की नियम लक्षात राहतो. बालक अत्याचाराचा वाजवी संशय आला तर लगेच फोन आणि ३६ तासांत लेखी अहवाल. तुमच्या वरिष्ठांना सांगितलं म्हणजे तुमची जबाबदारी संपली असं होत नाही. सज्ञान पेशंटचं दप्तर उपचार संपल्यावर ७ वर्षं जपायचं, अज्ञान मुलाचं तो १८ चा झाल्यावर ७ वर्षं.

बाकी पटापट. लाइव्ह स्कॅनचे बोटांचे ठसे, पावती जपा. ट्रान्स्क्रिप्ट विद्यापीठाकडून थेट बोर्डाकडे. पत्ता बदलला तर कळवा. अर्जात एकही रकाना रिकामा नको. ईमेल स्पॅममध्येही बघा. आंतरराज्य टेलिहेल्थचा (दुरून, फोन-व्हिडिओवर उपचारांचा) सायपॅक्ट करार कॅलिफोर्नियाने स्वीकारलेला नाही. पेशंट दुसऱ्या राज्यात बसून बोलणार असेल तर आधी त्या राज्याचा कायदा बघा.

लायसन्स आलं की दर दोन वर्षांनी नूतनीकरण, ३६ तासांचं शिक्षण, मुदत जन्ममहिन्याच्या शेवटच्या दिवशी.

सांगलीच्या मुलीचा काल पुन्हा फोन आला होता. फॉर्म उतरवून घेतला आहे, सुपरवायझरना ऑगस्टमध्येच भेटणार आहे. कायदेशीर आधाराच्या रकान्यात काय लिहायचं ते तिला अजून कळलेलं नाही. मी तिला सांगितलं, ते कळल्याशिवाय पहिल्या पेशंटची वेळ देऊ नकोस.