पट्टीची स्क्रिप्ट एकाच फोल्डरातून चालावी म्हणून विंडोजला कुलूप कसं लावायचं

लातूरच्या मोंढ्यात आडत दुकानाचे कॉम्प्युटर मी बघतो. शेतकऱ्याची पट्टी (मालाच्या हिशोबाचा कागद) काढायला आमच्याकडं पॉवरशेलची (विंडोजमधी कमांड चालवायची सोय) स्क्रिप्ट आहे, वजन अन् भाव टाकला की हमाली तोलाई वजा होऊन पट्टी तयार. दोन सीझनमागं सोयाबीनची आवक जोरात असताना मुनीमानं डेस्कटॉपवर पडलेली जुनी कॉपी चालवली, तिच्यात हमालीचा जुना दर होता, दिवसभराच्या सगळ्या पट्ट्या चुकल्या. लोक माल घालून गावाकडं गेलेले, एकेकाला फोन लावून हिशोब दुरुस्त केला. कुणाच्या घामाच्या पैशात आपल्यामुळं फरक पडावा हे मला लई लागलं, तवापासून आमच्याकडं स्क्रिप्ट एकाच फोल्डरातून चालते. मोंढ्यातले बरेच जण कसं केलं म्हणून विचारायलेत, म्हणून सगळं लिहून काढतोय.

आधी मी स्क्रिप्टमधीच एक ओळ घातली होती, की पीएसस्क्रिप्टरूट (म्हणजे स्क्रिप्ट ज्या फोल्डरात आहे त्याचा पत्ता) ठरलेला नसेल तर बंद हो. नव्या कॉपीला ते ठीक आहे, पण पेनड्राइव्हवर, डेस्कटॉपवर पडलेल्या जुन्या कॉप्यांमधी ती ओळच नाही ना, त्या खुशाल चालतात. म्हणून अडवायचं काम विंडोजनंच केलं पाहिजे. त्यासाठी ॲपलॉकर आहे, कुठला प्रोग्रॅम अन् कुठली स्क्रिप्ट चालू द्यायची ते ठरवणारं विंडोजमधलंच साधन, २००९ ला विंडोज ७ सोबत आलेलं. त्याच्याआधीचं सॉफ्टवेअर रिस्ट्रिक्शन पॉलिसीज मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० च्या १८०३ व्हर्जनपासून मोडीत काढायला घेतलंय, त्याच्या नादी नका लागू. अन् होम एडिशनमधी लोकल सिक्युरिटी पॉलिसीची खिडकीच नसते, मी खाली सांगतोय ते प्रो वर करायचं.

पण ॲपलॉकर उघडायच्या आधी फोल्डर नीट करा, सगळे चुकतात ते इथंच. नियम म्हणतो की या फोल्डरात जे आहे ते चालू दे. मग त्या फोल्डरात कुणीही काहीही टाकू शकत असेल तर नियमाचा काय उपयोग? जुनी कॉपी आत पेस्ट केली की झालं. अन् गंमत म्हणजे सी ड्राइव्हवर सरळ नवीन फोल्डर बनवला तर त्याला ऑथेंटिकेटेड युजर्सची मॉडिफाय परवानगी आपोआप चिकटून येते, म्हणजे लॉगिन केलेला कुणीही त्यात लिहू शकतो. तर फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड, तिथं डिसेबल इनहेरिटन्स दाबायचं अन् विचारलं की कन्व्हर्टवालं निवडायचं. मग ऑथेंटिकेटेड युजर्स काढून टाका, युजर्सला फक्त रीड अँड एक्झिक्यूट ठेवा, लिहायचा हक्क सिस्टीम अन् ॲडमिनिस्ट्रेटर्सलाच. दराची फाइल पण याच फोल्डरात ठेवा, म्हणजे दर बदलायचा तर तुम्हीच बदलणार. तयार झालेल्या पट्ट्या मात्र दुसऱ्या फोल्डरात सेव्ह करायला लावा, नाहीतर मुनीमाच्या लॉगिनमधी पट्टी सेव्हच होणार नाही अन् तुम्ही ॲपलॉकरमधी चूक शोधत बसाल.

मुनीमाचं लॉगिन स्टँडर्ड (ॲडमिनचे हक्क नसलेलं) पाहिजे. मी मोंढ्यात बघितलेल्या बऱ्याच दुकानांत सगळेच ॲडमिन असतात, तसं असलं तर वरचं सगळं पाण्यात.

आता ॲडमिनमधून लोकल सिक्युरिटी पॉलिसी उघडा, ॲप्लिकेशन कंट्रोल पॉलिसीज, त्यात ॲपलॉकर. त्याच्या प्रॉपर्टीजमधी स्क्रिप्ट रूल्सला कॉन्फिगर्डची टिक करून पहिल्यांदा ऑडिट ओन्ली (म्हणजे अडवत नाही, फक्त नोंद ठेवतं) निवडा, नियम बनवायच्या आधीच बरं का. कामून की काहीच निवडलं नाही अन् नियम बनवले तर विंडोज ते थेट लागूच करतं. मग स्क्रिप्ट रूल्सवर राइट क्लिक करून क्रिएट डिफॉल्ट रूल्स, त्यानं तीन नियम येतात: विंडोज फोल्डर, प्रोग्रॅम फाइल्स, अन् ॲडमिनला सगळीकडं परवानगी. त्यानंतर क्रिएट न्यू रूल, अलाऊ, एव्हरीवन, पाथ, ब्राउज फोल्डर्समधून आपला फोल्डर, अन् क्रिएट. बाकी कशाला मनाई लिहायची गरज नाही, एकदा या यादीत नियम आले की यादीत नाही ते आपोआप बंद. विंडोज फोल्डरच्या डिफॉल्ट नियमात एक भोक आहे, त्यातल्या टेम्प फोल्डरात साधा युजर पण फाइल टाकू शकतो, म्हणून तो नियम उघडून एक्सेप्शन्समधी टेम्पचा पाथ घाला.

हे सगळं ॲप्लिकेशन आयडेंटिटी नावाची सर्व्हिस चालू असेल तरच चालतं. विंडोज १० पासून ती सर्व्हिसेसच्या खिडकीतून ऑटोमॅटिक करता येत नाही. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा अन् एससी कॉन्फिगची कमांड द्या, सर्व्हिसचं नाव एपीपीआयडीएसव्हीसी, पुढं स्टार्ट, त्याला चिकटून बरोबरचं चिन्ह, मग स्पेस अन् ऑटो, सगळं इंग्रजी अक्षरात. पॉवरशेलमधी नका देऊ, तिथं एससी म्हणजे वेगळीच कमांड आहे, फाइलीत मजकूर लिहायची. मग रीस्टार्ट.

आठ दिवस ऑडिटवर राहू द्या, घाई करू नका. इव्हेंट व्ह्यूअरमधी मायक्रोसॉफ्ट, विंडोज, ॲपलॉकर, त्यात एमएसआय अँड स्क्रिप्ट बघा. ८००६ नंबर दिसला म्हणजे ही फाइल पुढं अडवली गेली असती. आमच्याकडं बॅकअपची बॅच फाइल (कमांडची यादी असलेली फाइल) तिथं सापडली, मी तर तिला विसरूनच गेलो होतो, मग ती पण त्याच फोल्डरात हलवली. यादी स्वच्छ झाली की ऑडिट ओन्लीच्या जागी एन्फोर्स रूल्स. तपासायला मुनीमाच्या लॉगिनमधी डेस्कटॉपवर एका ओळीची बॅच फाइल बनवून चालवा, ग्रुप पॉलिसीनं अडवल्याचा मेसेज आला पाहिजे, अन् लॉगमधी ८००७.

कशावर चालत नाही ते पण सांगतो. स्क्रिप्ट रूल्स पॉवरशेल, बॅच, सीएमडी, व्हीबीएस अन् जेएस एवढ्याच फाइली बघतात. पायथनच्या फाइली त्यात येत नाहीत, तिथं पायथनचा प्रोग्रॅमच एक्झिक्यूटेबल रूल्समधून बंद करावा लागतो. एक्सेलचे मॅक्रो पण यात नाहीत. अन् कुणी जुन्या स्क्रिप्टचा मजकूर कॉपी करून पॉवरशेलच्या खिडकीत पेस्ट केला तर? तिथं पॉवरशेल आपोआप कन्स्ट्रेन्ड लँग्वेज मोडमधी, म्हणजे मर्यादित कमांडवर, चालतं, बऱ्याच गोष्टी बंद होतात पण साधी वजाबाकी चालते, म्हणून जुन्या कॉप्या शोधून डिलीट करायचं काम आहेच, आम्ही चारही कॉम्प्युटर अन् दुकानातले सगळे पेनड्राइव्ह एका रविवारी बसून साफ केले.