आपलं मत कुठलं आणि फॅक्ट कुठली, हे कसं ओळखायचं

मी ज्या रांगेत उभा राहतो ना, तीच रांग सगळ्यात हळू सरकते. हे मी बरीच वर्षं ठासून सांगायचो, वर "अनुभव आहे" म्हणायचो. मग एकदा डोक्यात आलं की समजा तीन सारख्याच रांगा आहेत, तर माझी सगळ्यात फास्ट असण्याची शक्यता तीनात एकच, म्हणजे तीनपैकी दोनदा शेजारची कुठली तरी पुढे जाणारच, आणि आपली झपाझप सरकली तो दिवस लक्षात कोण ठेवतंय? अनुभव खरा होता, त्यावरून काढलेला निष्कर्ष गंडलेला. तेव्हापासून मी काय करतो ते सांगतो.

आधी वाक्य फोडा

मनात आलेलं वाक्य फोनमध्ये जसंच्या तसं टाईप करा. समजा, "तो मला मुद्दाम टाळतोय." आता यात प्रत्यक्ष दिसलेलं काय? तीन मेसेज केले, एकाचंही उत्तर नाही. बस, एवढंच. 'मुद्दाम' आपण घातलं, 'टाळतोय' पण आपणच घातलं. अंदाज बरोबर निघेलही कदाचित, पण आत्ता तरी तो अंदाजच आहे. नेहमी, कधीच, सगळेच, उगाच असले शब्द दिसले की तिथे थांबायचं.

आणि "मला वाटतं" म्हटलं की मत आणि नाही म्हटलं की फॅक्ट, असं काही नसतं हां. "मला वाटतं चंद्र पृथ्वीभोवती फिरतो" म्हणून ते मत होत नाही, आणि "हा रंग भयाण आहे" कितीही ठणकावून सांगा, मतच राहतं.

मग बघा, हे तपासता येतं का

तपासता येत नसेल, म्हणजे आवडनिवड, काय चांगलं काय वाईट, तर ते मत, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. तपासता येत असेल तर ते खरं तरी असेल नाहीतर चूक तरी. लोक हा 'चूक' नावाचा डबाच विसरतात. "माणूस मेंदूचा फक्त 10 टक्के भाग वापरतो" हे तपासता येतं आणि ते चूक आहे, त्यामुळे "माझं मत आहे, रिस्पेक्ट करा" म्हणून इथे सुटका नाही.

कधीकधी भांडण फक्त शब्दाच्या अर्थाचं असतं. प्लूटो 1930 साली सापडला, 2006 मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहाची व्याख्या ठरवली आणि तो यादीतून बाहेर गेला. तिकडे आकाशात प्लूटोचं काहीच बदललं नव्हतं. अशा वेळी वाद घालण्याआधी "तू या शब्दाचा अर्थ काय धरतोयस" एवढं विचारलं तरी अर्धा तास वाचतो.

आता अवघड भाग: आपण कशाने चूक ठरू?

पीटर वॉसन या मानसशास्त्रज्ञाने 1960 मध्ये एक भारी प्रयोग छापला. लोकांना 2, 4, 6 हे आकडे दिले आणि सांगितलं की यामागचा नियम ओळखा, तुमचे तीन-तीन आकडे सुचवा, नियमात बसतात का ते मी सांगतो. बरेच जण 8, 10, 12 असंच काहीतरी देत राहिले, दर वेळी "बसतात" ऐकून खूश, आणि शेवटी "दोन-दोनने वाढणारे आकडे" म्हणाले. खरा नियम होता, नुसते चढत्या क्रमाने. 1, 2, 3 देऊन पाहिलं असतं तरी कळलं असतं! पण आपण आपलं म्हणणं पाडायला जातच नाही, होकार गोळा करत बसतो. म्हणून शोधाशोध करायच्या आधीच लिहून ठेवा: अमुक दिसलं तर माझं चुकलं. काहीच सुचत नसेल, म्हणजे काहीही घडलं तरी आपणच बरोबर ठरणार असू, तर ती श्रद्धा आहे असं समजा.

डोनाल्ड उंगर नावाच्या डॉक्टरांनी हे स्वतःवरच केलं. बोटं मोडली की संधिवात होतो असं लहानपणी ऐकलेलं, म्हणून 60 वर्षांहून जास्त काळ फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची नाही. संधिवात कुठल्याच हाताला झाला नाही, 2009 चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते गमतीदार बक्षीस, मात्र मिळालं. एका माणसावरून सिद्ध काही होत नाही, मान्य, पण उजवा हात तसाच ठेवायची आयडिया घेण्यासारखी आहे.

हे कळलं कुठून?

"सगळेच म्हणतात" हे उत्तर आलं तर सावध. 1977 च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने वाक्यं दाखवली, आणि जी परत परत दिसली ती त्यांना जास्त खरी वाटायला लागली, त्यातली खोटीसुद्धा. एकच फॉरवर्ड पाच ग्रुपवर आला म्हणजे पाच पुरावे नाहीत, एकच आहे. मूळ कुठलं ते शोधा, नाही सापडलं तर "माहीत नाही" म्हणा, काही बिघडत नाही.

रांगेचं विचाराल, तर मी खरंच मोजायला घेतलं होतं. सात वेळा नीट नोंद केली, आठव्यांदा राहून गेली कारण रांग इतकी भराभर सरकली की फोन काढेपर्यंत माझा नंबर आला.