दिवे तर चालू आहेत, मग कोलिफॉर्म का येतात? यूव्ही निर्जंतुकीकरणातल्या या चुका टाळा

प्रयोगशाळेचा अहवाल येतो, फेकल कोलिफॉर्मचा, म्हणजे विष्ठेतून येणाऱ्या जीवाणूंचा, आकडा मर्यादेबाहेर गेलेला असतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "दिवे चालू होते ना?" दिवे चालूच असतात. मग नवे दिवे मागवले जातात, बसवले जातात, आणि पुढचा अहवालही तसाच येतो. सांडपाण्याच्या यूव्ही चॅनेलवर, म्हणजे प्रक्रिया केलेलं पाणी अतिनील (यूव्ही) दिव्यांजवळून नेणाऱ्या पाटावर, काम केल्यावर माझं मत पक्कं झालंय. दिव्याला हात लावण्याआधी पाणी तपासा.

पहिली चूक म्हणजे निळ्या उजेडावर भरवसा. कमी दाबाच्या पाऱ्याच्या दिव्यातून जंतूंचा डीएनए बिघडवणारी जी किरणं निघतात, ती सुमारे 254 नॅनोमीटरची. ती डोळ्यांना दिसतच नाहीत. दिसतो तो सोबतचा निळसर प्रकाश, आणि दिवा म्हातारा झाला तरी तो जवळपास तसाच दिसत राहतो. म्हणून किती तास जळला याची नोंद आणि किरणांची तीव्रता मोजणाऱ्या सेन्सरचा आकडा, एवढंच धरून चाला. (उघड्या चॅनेलवर वाकून बघायची सवय असेल तर ती आजच सोडा. त्या वेळी काही होत नाही. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं.)

खरा घोळ असतो पाण्याच्या पारगम्यतेत, म्हणजे यूव्हीटीत. एक सेंटीमीटर पाण्यातून 254 नॅनोमीटरचा किती टक्के प्रकाश पलीकडे जातो, तो हा आकडा. यूव्हीटी 65 टक्के असेल तर तीन सेंटीमीटरवर साधारण 27 टक्के प्रकाश उरतो. 55 टक्के असेल तर तेवढ्याच अंतरावर 17 सुद्धा धड उरत नाही. पाणी ग्लासात धरलं तर दोन्ही सारखीच नितळ दिसतील! लोह, रंगकामाचं सांडपाणी, कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा अर्क हे सगळं यूव्ही गिळतं आणि नजरेला फसवतं.

इथे एक साधी चाचणी फार कामाला येते. एकाच नमुन्याची यूव्हीटी दोनदा मोजा, आधी तसाच आणि मग फिल्टर पेपरमधून गाळून. गाळल्यावर आकडा चांगला वर गेला तर दोष तरंगत्या गाळाचा, म्हणजे निवळण टाकीकडे जा. गाळूनही खालीच राहिला तर काहीतरी विरघळलेलं येतंय, ते कुठून येतं ते शोधा. आणि नमुना सकाळी दहाला, सगळं शांत असताना घेऊ नका. ज्या वेळी अहवाल बिघडतो त्या वेळचा घ्या.

गाळ असेल तर डोस, म्हणजे पाण्याला मिळणारी यूव्ही किरणं, वाढवून भागत नाही. मोकळे जंतू थोड्या डोसमध्ये निकामी होतात. गाळाच्या कणात दडलेल्यांपर्यंत किरण पोचतच नाही. म्हणून एका टप्प्यानंतर वीज कितीही ओता, आकडा हलत नाही. तिथे दुय्यम निवळण सुधारणं किंवा पुढे फिल्टर बसवणं हाच उपाय.

आता दिव्यांभोवतीच्या क्वार्ट्झ काचेच्या नळ्या. दिव्याच्या उष्णतेने नळीवर कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोहाचा थर बसतो. फॉस्फरस काढायला फेरिक क्लोराइड टाकत असाल तर लोहाचा थर लवकर चढतो, शिवाय उरलेलं लोह यूव्हीटीही खाली ओढतं. नळी पुसणारा वायपर वरचा बुळबुळीत थर काढतो, पण घट्ट बसलेला क्षार त्याला दाद देत नाही. त्याला सायट्रिक किंवा फॉस्फरिक आम्लच लागतं. शंका असेल तर वीज बंद करून सेन्सरसमोरची एकच नळी हाताने आम्लाने पुसा आणि दिवा पुन्हा तापल्यावर आकडा बघा. टुणकन वर गेला तर बाकीच्यांचीही तीच गत आहे. सेन्सरची काचही पुसा, कित्येकदा मळलेली तीच असते. घासणी मात्र वापरू नका, ओरखडे कायमचे राहतात. आणि नळी-दिवा उघड्या हाताने धरू नका, बोटांचं तेल काचेवर भाजून बसतं.

चॅनेलमधली पातळी हा दुर्लक्षित विषय. शेवटची झडप अडकली किंवा बांधाची उंची चुकली की वरच्या दिव्यावरून पाण्याचा थर तसाच निघून जातो. हिशेब करा: 100 मिलिलिटरमध्ये 1,00,000 कोलिफॉर्म असलेल्या पाण्याचा फक्त 1 टक्का भाग किरणांविना गेला, तरी त्या एकट्यामुळेच आकडा 1,000 वर जातो. बाकी 99 टक्के कितीही शुद्ध असो. पातळी खाली गेली तर दिवे उघडे पडतात, आणि नळीवरचा थर भाजून पक्का होतो.

वीज जाऊन आली की दिवे लगेच पूर्ण ताकदीने जळत नाहीत, काही मिनिटं लागतात. मध्यम दाबाच्या दिव्यांना तर पुन्हा पेटण्याआधी थंड व्हावं लागतं. तेवढा वेळ पाणी वाहतच असतं. अडवायची सोय नसेल तर निदान वेळेची नोंद ठेवा, म्हणजे त्या दिवशीच्या अहवालाचं कोडं पडणार नाही.

शेवटी नमुना. यूव्हीने जखमी झालेले काही जीवाणू प्रकाशात स्वतःचा डीएनए दुरुस्त करून घेतात. त्यामुळे पारदर्शक बाटलीत, उन्हात तासभर ठेवलेला नमुना खोटं सांगू शकतो. निर्जंतुक बाटली, अंधार, बर्फाचा डबा. आणि बाटली भरताना चॅनेलच्या भिंतीवरचं शेवाळ खरवडून आत जाऊ देऊ नका.