परतीचा पाऊस सरतोय, परसबागेतले वाफे आता उतरवून घ्या

मंडळी, हस्त संपत आलाय, दोन दिवस कडक ऊन पडलं की सगळ्यांना मेथी कोथिंबिरीची घाई सुटते आणि ते साहजिकच आहे, पण बी टाकायच्या आधी एकदा वाफ्यांकडे नीट बघा. जूनमध्ये आपण गादीवाफे उंच केले ते पाणी बाहेर काढायला, आता इथून पुढे उन्हाळ्यापर्यंत तेच पाणी आत धरून ठेवायचंय. उंच वाफा तसाच ठेवला की थंडीच्या कोरड्या वाऱ्यात त्याच्या कडा आधी सुकतात, पाईप लावला की पाणी मुरायच्या आत नालीत पळतं आणि मग मधली मेथी हिरवीगार पण कडेची पिवळी, अन आपण म्हणतो बियाणंच खराब होतं.

तर वाफा उतरवायचा, पण लगेच कुदळ घेऊन धावू नका, वाफसा येऊ द्या, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी, खणायला योग्य ओलीची होऊ द्या. यावर माझा फार जोर आहे कारण काळ्या मातीत इथेच सगळ्या सीझनचं ठरतं. चार बोटं खालची माती घ्या, मुठीत दाबून गोळा करा, कमरेएवढ्या उंचीवरून सोडा. फुटला तर वाफसा आला, नुसता चपटा झाला तर अजून थांबा. ओल्या काळ्या मातीत कुदळ मारली की जी ढेकळं निघतात ती वाळून दगडासारखी होतात, त्यात धन्याचं काय, वाटाण्याचं बी पण धड उगवत नाही. आणि जास्त थांबलात तर ऑक्टोबर हीटमध्ये भेगा पडतात, म्हणून रोज सकाळी जाऊन बघायचं. कोकणात जांभ्या मातीवाल्यांना एवढी वाट बघावी लागत नाही, तिथे पाणी झटकन निचरतं, पण पाण्याबरोबर खतही खाली जातं, त्यामुळे तिकडे शेणखत आणि पालापाचोळा हात सैल सोडून घाला.

वाफ्याची रुंदी ३ फूट पुरे, दोन्ही बाजूंनी बसून हात मधोमध पोचला पाहिजे, वाफ्यात पाय ठेवायचाच नाही. मधली माती दोन्ही कडांना ओढून चार बोटं उंचीचा बांध करा आणि पावसाने नालीत वाहून आलेला गाळ उचलून परत वाफ्यात घ्या, तो तुमच्याच बागेचा कस आहे. मग थोडं पाणी सोडून बघा, जिथे साचेल तिथे भर घाला. जमिनीला उतार असेल तर वाफा उताराला आडवा घ्यायचा.

सगळेच वाफे सपाट करायचे नाहीत हं. मेथी, पालक, कोथिंबीर, लसूण सपाट वाफ्यात. मुळा, गाजर, बीट यांना मात्र वरंबाच, म्हणजे मातीचा लांब उंचवटाच ठेवा, खाली फूटभर माती भुसभुशीत लागते. टोमॅटो, वांगी, कोबीला सरी-वरंबा, म्हणजे एक पाण्याची चर आणि शेजारी एक उंचवटा, दोन सऱ्यांत २ फूट अंतर आणि रोप वरंब्याच्या बगलेत.

हल्ली बरेच जण वाफ्याला विटा लावून सिमेंटने पक्कं करून टाकतात. दिसायला छान दिसतं पण माझं स्पष्ट मत आहे की करू नका, वाफ्याचा आकार वर्षातून दोनदा बदलावा लागतो. विटा नुसत्या मांडून ठेवा.

खत म्हणाल तर १० बाय ३ फुटाच्या वाफ्याला २ घमेली शेणखत, पण पूर्ण कुजलेलं. ताजं शेण घातलं की हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि वाळवी आलीच, शिवाय गाजराला फाटे फुटतात. त्या खतात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवर घालणारी उपयोगी बुरशी) मिसळून आठवडाभर सावलीत ओलसर ठेवलं तर रोपांची मर बरीच कमी होते. जिथे पावसाळ्यात मिरची किंवा वांगी होती तिथे टोमॅटो नको, सगळी एकाच कुळातली, रोगही तेच, तिथे मेथी किंवा वाटाणा घ्या.

मांडव असेल तर उत्तर बाजूला करा. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कलतो, दक्षिणेला वेल चढवलात तर मागची सगळी भाजी दिवसभर सावलीत. दोडका घोसाळ्याचे जुने वेल उपटताना गावरान वाण असेल तर एकदोन चांगली फळं वेलावरच वाळू द्या, बी होतं. हायब्रिडचं बी धरू नका, पुढच्या वर्षी फळ तसं येत नाही.

पेरणी सगळी एकदम नको. मेथी दर १०-१२ दिवसांनी एकेक पट्टा टाका, साधारण महिन्याभरात काढायला येते, म्हणजे घरात सारखी भाजी राहते. धने चपलेने रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा अन मगच पेरा. ऑक्टोबरच्या उन्हात मुळा लावायचा तर पुसा चेतकी हा वाण घ्या, तो उष्णता सोसतो, बाकी गाजर आणि वाटाण्याला दिवाळीपर्यंत थांबलं तर जास्त बरं. लसणाच्या मोठ्या बाहेरच्या पाकळ्या निवडून घ्या, टोक वर, ४ बोटांच्या अंतराने. पेरल्यावर पहिलं पाणी झारीनेच द्या, पाईपच्या धारेने बी एका कोपऱ्यात गोळा होतं.