मजकुराचा फ्लोट करणाऱ्या फंक्शनचं डॉक्युमेंटेशन कसं लिहावं

जळगावात कापूस आणि केळीच्या व्यापाऱ्यांसाठी हिशेबाचे प्रोग्राम लिहिणं हे माझं काम. काटापावतीवरचं वजन, पट्टीवरची (विक्रीच्या हिशेबाच्या कागदावरची) रक्कम, सगळं मजकूर म्हणून येतं आणि लायब्ररी (तयार फंक्शनांचा संच) त्याचा फ्लोट, म्हणजे कॉम्प्युटरला हिशेब करता येईल असा दशांश आकडा, करते. अशा फंक्शनखाली 'मजकुराचा आकडा करून देतं' एवढंच लिहिलेलं असेल, तर ते वाचून कुणाचंच भागत नाही.

आधी खऱ्या पावत्या समोर घ्या. रावेरच्या व्यापाऱ्याने '१,२५,०००' टाइप केलं, अंक इंग्रजी. जावास्क्रिप्टचं पार्सफ्लोट हे फंक्शन त्याचं उत्तर १ देतं. पहिल्या स्वल्पविरामाशी थांबतं, तक्रार करत नाही. शेतकऱ्याच्या पट्टीवर सव्वा लाखाचा एक रुपया होतो आणि स्क्रीनवर काहीच लाल दिसत नाही. पायथनचा फ्लोट तोच मजकूर नाकारतो, व्हॅल्यूएरर (चुकीच्या मूल्याची एरर) देतो. '१२.५ किलो'चंही तसंच: एक १२.५ घेतं, दुसरा नाकारतो. मराठी अंकांत '१२.५' दिलं की मात्र पारडं फिरतं. पायथन ते बिनबोभाट वाचतो, पार्सफ्लोट नॅन ('हा आकडाच नाही' अशी खूण) देतं.

म्हणून माझा आग्रह असा, की मुकाट्याने चुकीचं उत्तर येणारे मजकूर सगळ्यात वर लिहा. त्याखाली नाकारले जाणारे, एररच्या नावासकट. बरोबर चालणारे शेवटी आले तरी चालतील. रिकामा मजकूर, मागेपुढे स्पेस, इंग्रजीत लिहिलेलं 'नॅन' (पायथन तेही स्वीकारतो), हे विसरू नका.

मग अचूकतेबद्दल. आयईईई ७५४ या प्रमाणाच्या ६४ बिटांच्या फ्लोटमध्ये ०.१ नेमका बसत नाही, सर्वांत जवळचा आकडा साठवला जातो. दोन्हीकडे सारखंच अंतर असेल तर शेवटचा बिट शून्य असलेला निवडतात, म्हणून ९००७१९९२५४७४०९९३ वाचल्यावर शेवटी ९९२ उरतं. हे उदाहरण जसंच्या तसं द्या. फ्लोट लिहून पुन्हा वाचायचा तर १७ सार्थ अंक (सुरुवातीची शून्यं सोडून मोजलेले) पुरतात, हेही सांगा. रुपयांसाठी पैशांचे पूर्णांक किंवा डेसिमल (दशांश आकडे नेमके साठवणारा प्रकार) वापरा, असा स्पष्ट इशारा हवा.

तुमची लायब्ररी आतून सी भाषेचं एसटीआरटीओडी (मजकुराचा फ्लोट करणारं फंक्शन) बोलावत असेल, तर दशांश चिन्ह लोकेलवर (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवर) ठरतं, तेही नोंदवा.

उदाहरणांची उत्तरं आठवणीतून लिहू नका, चालवून चिकटवा. पायथनमध्ये ती डॉकटेस्टच्या (डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणं चालवून उत्तरं तपासणाऱ्या टेस्टच्या) रूपात ठेवा आणि प्रत्येक रिलीझआधी चालवा. वागणूक बदलली तर टेस्ट तिथेच फेल होईल.