नरवानर गणाच्या जीवाश्मांचा अभ्यास: मराठवाड्यातून सुरुवात कशी करावी

मराठवाड्याची भूमी मुख्यत्वे काळ्या बेसॉल्टची असून हा खडक सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेला आहे. त्यामुळे माकडे, वानरे आणि कपी (गिबन, चिंपांझी असे शेपूट नसलेले प्राणी) यांसारख्यांच्या, म्हणजेच नरवानर गणाच्या, जीवाश्मांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या येथील विद्यार्थ्याला आज ना उद्या घर सोडावेच लागते. हे जीवाश्म गाळाच्या खडकांत मिळतात, मग ती सुरत जिल्ह्यातील वस्तानची लिग्नाइट खाण असो की शिवापिथेकस या नामशेष कपीमुळे प्रसिद्ध झालेल्या शिवालिक टेकड्या असोत.

पदवीला प्राणिशास्त्र घ्यावे की भूशास्त्र? माझे मत भूशास्त्राच्या बाजूने आहे, कारण हाड कोणत्या थरातून आले हे सांगता आले नाही, तर त्याचे वयही सांगता येत नाही. शरीररचना मागाहूनही शिकता येते. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूविज्ञानाची सोय आहे. आयआयटीतील पदव्युत्तर प्रवेशासाठी ‘जॅम’ आणि संशोधनाच्या अधिछात्रवृत्तीसाठी ‘नेट’ द्यावी. पुढे जीवाश्मांवर काम करणारी लखनौची बीरबल साहनी संस्था आणि हिमालयाच्या भूशास्त्राची डेहराडूनची वाडिया संस्था यांचा विचार करावा.

सर्वाधिक वेळ मात्र दातांना द्यावा. एनॅमल, म्हणजे दातावरचे बाहेरचे आवरण, हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ असल्याने हाडे झिजून गेली तरी दात उरतात. जम्मूतील रामनगरजवळ मिळालेल्या एकाच दाढेवरून 2020 साली सुमारे 1.3 कोटी वर्षांपूर्वीच्या, गिबनच्या कुळातील ‘कापी रामनगरेन्सिस’चे वर्णन झाले. उलट 1922 मध्ये अमेरिकेतील नेब्रास्काच्या एका दातावरून ‘हेस्पेरोपिथेकस’ नावाचा कपी जाहीर झाला आणि 1927 मध्ये तो दात डुकरासारख्या पेकरीचा ठरला. तेव्हा पाळीव डुक्कर आणि शेळी यांचे जबडे रेखाटून सराव करावा. वन्य प्राण्यांचे अवशेष वन विभागाच्या परवानगीशिवाय उचलू नयेत.

जीवाश्म आणि संवर्धन ही दोन कामे एकाच माणसाला पेलतात. एल्विन सायमन्स यांनी इजिप्तच्या फायूम भागात उत्खनने केली आणि अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे लेमूर (मादागास्करमधील नरवानर गणाचे प्राणी) सांभाळणारे केंद्रही चालवले. संवर्धनाचा पहिला धडा तर गावीच मिळतो. तापी आणि गोदावरी या नद्या उत्तरेकडील ऱ्हिसस माकड आणि दक्षिणेकडील टोपी माकड यांच्यातील सीमा मानल्या जात. आता ऱ्हिसस दक्षिणेकडे सरकत आहे. गोदाकाठी दिसणारा कळप कोणता, हे शेपटीवरून ओळखावे (टोपी माकडाची शेपटी बरीच लांब असते) आणि तारीख, स्थळ व संख्या यांसह नोंदवावे. डिसेंबर 2021 मध्ये माजलगाव तालुक्यातील लवूळ येथे वानरांनी कुत्र्यांची पिल्ले उंचावर नेल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा पिल्लांचा आकडा बातमीगणिक बदलत होता. म्हणून पाहिलेले आणि ऐकलेले यांसाठी वहीत दोन वेगळे रकाने आखावेत.